गंजीखालचं बी

वाटणीत धनीरामला तलावाखालच्या धानाच्या बांध्यांचा निम्मा वाटा मिळाला, बरडीचा निम्मा तुकडा मिळाला आणि बैलजोडीतला लाख्या मिळाला. जोडीतला दुसरा बैल, पवळ्या, धाकट्या घनश्यामकडे गेला. नांगराला दोघांनी बैल एकत्र जुंपायचे, चिखलणी एकमेकांच्या बांधीत पाळीने करायची, असं पंचांनी सांगितलं आणि चहा पिऊन ते उठून गेले. भावांनी माना हलवल्या. त्यांच्या बायका आतून ऐकत होत्या.

बांध्यांवरून कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दुखणं होतं ते बरडीचं. कोंढ्याकडून गावात शिरताना जी मुरमाड उतरण दिसते, तीच ही बरड. वरची माती कधीच वाहून गेलेली. पाऊस पडला की लाल पाणी खळाळत खाली यायचं आणि बांध्यांत गोटे आणून टाकायचं. दोन पळस, एक मोह, बोरीची खुरटी झुडपं. बाकी सगळी उतरण बोडकी.

घनश्याम हुशार गडी. त्याने एका दूधवाल्याकडून हत्तीगवताच्या कांड्या आणल्या, आपला तुकडा उभा-आडवा नांगरला, बोरी खणून काढल्या आणि विहिरीवरून पाइप टाकून कांड्या लावल्या. दारात म्हशी आणून बांधल्या. दुधाची गाडी जवाहरनगरच्या क्वार्टरांकडे जायची, तिच्यात आता घनश्यामचाही डबा चढू लागला.

धनीराम कांड्या मागायला गेला तेव्हा त्या संपल्या होत्या. तो तसाच परत आला आणि घरापुढच्या सपरीत बसून राहिला. बायकोने, चंद्रकलाने, भाताचं ताट पुढे ठेवलं.

"मग आता?"

"आता काय? पडीक राहू दे."

"अन् लाख्या काय खाईन? गोटे?"

धनीराम भात चिवडत राहिला. लेक खुशबू लग्न होऊन गेल्यापासून घरात दोघंच. त्यातला एक गप्प बसला की दुसऱ्याला भिंतीशी बोलावं लागे. चंद्रकला भिंतीशी बोलणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती खराटा आणि टोपली घेऊन निघाली.

उन्हाळा सरत आला होता. गावातल्या गवताच्या गंज्या खाऊन खाऊन तळाला गेल्या होत्या. ज्याची गंजी संपली त्याच्या अंगणात ती जाऊन उभी राहायची. पहिलं घर म्हाताऱ्या मालनबाईचं लागलं.

"मावशी, गंजीखालचं झाडून नेऊ काय?"

"कायले वो?"

"बी आहे त्याच्यात. बरडीवर टाकतो."

"कोनतं बी?"

"ज्याचं असन त्याचं. सारंच आहे."

मालनबाईला हसू आवरेना. पण अंगण फुकटात झाडून मिळत होतं, तिने हात केला. चंद्रकलाने काडीकचरा टोपलीत भरला. त्यात कुसळ होती, मारवेल होती, पवन्या होता, रानमुगाच्या फुटक्या शेंगा होत्या. कशाकशाचं बी होतं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. माहेरी, दिघोरीला, गंजीच्या जागी पावसाळ्यात दाट गवत उगवलेलं तिने लहानपणी पाहिलं होतं. तेवढ्याच भरवशावर ती निघाली होती.

बोरिंगवर धाकट्या जावेने, रीताने, तिला गाठलं. बायकांची रांग होती.

"ताई, आमच्या ढोरांच्या कोठ्यातला कचराही नेऊन टाका ना बरडीवर. फुकटच आहे."

बायका खिदळल्या. चंद्रकलाचे कान तापले. तिने पाण्याचा गुंड भरला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घर गाठलं. रात्रभर ते हसू तिच्या डोक्यातून जाईना. सकाळी मात्र ती रीताच्याच दारात जाऊन उभी राहिली.

"देतो म्हनली होतीस ना? दे. नेतो."

रीता बाजूला सरली आणि चंद्रकलाने तिच्या डोळ्यांदेखत कोठ्याचा कोपरान्‌कोपरा झाडून नेला.

धनीरामला लाज वाटत होती, पण बायको एकटी गोटे वाहते हे पाहून तो बरडीवर आला. दोघांनी उतरणीला आडवे गोटे मांडले, म्हणजे बी पाण्याबरोबर पळू नये. कुदळीने मुरूम खरवडला. चंद्रकला पदरात कचरा घेऊन मुठी मुठी उधळत गेली. बोरीची झुडपं तोडायला तिला सवडच झाली नाही, ती तशीच राहिली.

पाऊस वेळेवर आला आणि भरपूर आला. घनश्यामचं हत्तीगवत छातीला लागलं. वाऱ्यावर सगळं एकदम एका बाजूला कलायचं, पाहणाऱ्याचे डोळे निवायचे. चंद्रकलाच्या तुकड्यात मात्र काय उगवलं होतं ते सांगता येत नव्हतं. इथे झुबका, तिथे टक्कल, मध्येच वेल, मध्येच तरोटा. कुणी उंच, कुणी जमिनीला चिकटलेलं. वाटेने जाणारे दोन्हीकडे पाहायचे आणि हसत पुढे जायचे.

"वयनी, हे गवत आहे का गावजेवन?" घनश्यामने बांधावरून विचारलं.

"ढोरं जेवतीन त गावजेवनच म्हना, भाऊजी," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

सगळ्यांत जास्त ती कुसळीवर चिडली होती. लुगड्याला टोचायची, पायाला टोचायची, लाख्याही तिला बाजूला सारून मारवेल शोधायचा. कुसळ तेवढी उपटून काढावी म्हणून ती एक दिवस बसलीही. पण तोवर धानाची रोवणी लागली. दिवसभर वाकून पऱ्हे रोवायचे. चिखलाने बोटांच्या बेचक्या सडल्या, पायांना चिखल्या पडल्या, संध्याकाळी कंबर सरळ होईना. बरडीवर चढायचं त्राण कुठून आणायचं? कुसळ राहून गेली.

त्या हिवाळ्यात घनश्यामच्या दारात हिरव्या चाऱ्याचे भारे पडलेले असायचे. धनीराम म्हणाला, "खुशबूची माय, आवंदा आपनही नांगरून टाकू. दूधवाला कांड्या देतो म्हनते."

"एक साल थांबा."

"काहून? काय दिसून राहिलं तुले त्या कचऱ्यात?"

एवढंच तिने पाहिलं होतं, की त्या पावसाळ्यात आपल्या बांधीत गोटे आले नव्हते.

"एक साल," ती पुन्हा म्हणाली. धनीरामने हात झटकले आणि लाख्याला पाणी दाखवायला गेला.

पुढच्या वर्षी रोवण्या आटोपल्या, पोळा झाला आणि पाऊस गेला तो गेलाच. ढग यायचे, गावावर सावली धरायचे आणि भंडाऱ्याकडे निघून जायचे. तलावाचं पाणी तळाशी गेलं. धान पोटरीत आलेलं. बांध्यांना भेगा पडल्या, आधी केसाएवढ्या, मग हात जाईल एवढ्या. लोंब्या बाहेर आल्या त्या पांढऱ्या, पोकळ. चंद्रकलाने एक लोंबी तळव्यावर चोळली आणि फुंकर मारली. तळव्यावर काही राहिलं नाही.

धान गेलं म्हणजे त्याचा पेंढा, तनीस, गेली, आणि तनीस गेली म्हणजे ढोरं गेली. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. घनश्याम तेवढा बोलत होता. "माह्याजवळ विहीर आहे," तो म्हणायचा. मग विहीर आटली. मोटर आवाज करायची आणि पाइपातून वाराच यायचा. हत्तीगवत आधी पिवळं पडलं, मग तांबूस झालं. सगळं एका दमात उभं राहिलेलं, सगळं एका दमात बसलं. कांड्या हातात घेतल्या की कोरड्या काटकीसारख्या मोडायच्या.

चंद्रकला रोज संध्याकाळी बरडीवर जाऊ लागली. भीतीपोटीच जात होती. तिच्या डोळ्यांपुढे आधी मारवेल सुकली. मग पवन्या वाळून काडी झाला. तिला वाटलं, संपलं. पण कुसळ उभी होती. जिला तिने शिव्या घातल्या होत्या, ती दगडाच्या फटीत पाय रोवून उभी होती. तिच्या सावलीत रानमुगाचा वेल अजून हिरवा होता. चंद्रकला खाली बसली, गवताच्या बुडात हात घातला. वर अंग भाजणारं ऊन आणि आत, काडीकचऱ्याखाली, माती गार! तिने बोटांनी उकरलं. मुरमावर काळसर मातीचा पातळ थर बसला होता. दोन पावसाळ्यांपूर्वी तिथे नुसता गोटा होता.

"अहो!" तिने खालून जाणाऱ्या धनीरामला हाक मारली. "इकडे या. हात घालून पाहा."

धनीरामने हात घातला. त्याने चिमूटभर माती बोटांत दाबून पाहिली.

"ओल आहे," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवसापासून दोघं विळे घेऊन बरडीवर चढले. कुसळीची टोकं गळायची वाट पाहिली, मग ती कापली. उभं वाळलेलं मारवेल-पवन्याचं गवत कापलं, ते तर वाळलं तरी गोडच. वेल ओरबाडले नाहीत, वरून वरून खुडले. बोरीचा पाला झोडला. चंद्रकलाच्या हातांना कापं गेली, बोटांना चिंध्या बांधल्या. एका जातीचं गवत असतं तर एका अंगाने कापत गेलं असतं. इथे प्रत्येकाचा काळ वेगळा, आज हे तर महिन्याने ते. काम संपायचंच नाही. आणि गवतही संपत नव्हतं. अंगणात गंजी उभी राहिली.

एका दुपारी घनश्यामच्या अंगणात कालवा उठला. त्याच्या म्हशी आधीच विकल्या गेल्या होत्या. आज ढोरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो पवळ्यासाठी आला होता. पवळ्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. दोन माणसं पुढून ओढत होती, एक मागून ढकलत होता आणि पवळ्या पाय रोवून उभा होता. रीता दाराच्या चौकटीला धरून रडत होती. घनश्याम भिंतीकडे तोंड करून उभा.

चंद्रकला बरडीवरून भारा घेऊन येत होती. ती आपल्या दाराकडे वळलीच नाही. सरळ दिराच्या अंगणात शिरली आणि डोक्यावरचा भारा पवळ्याच्या पुढ्यात टाकला. पवळ्याने मान खाली घातली आणि खायला लागला.

व्यापारी चिडला. "बाई, हे काय करून राहिल्या?"

"बैल जेवून राहिला, भाऊ. जेवत्याले उठवत नाहीत."

"वयनी," घनश्याम म्हणाला. तो भिंतीकडून वळला. "मले भीक नोको."

"भीक कोन देते? पवळ्या गेला त लाख्या एकटा चिखलनी करन काय? माही बांधी पडीक राहीन. मी माह्या मतलबानं आली आहे."

"गवत कोनत्या तोंडानं घेऊ? मी तुमाले काय काय बोललो..."

"बोलले त बोलले. उद्यापासून विळा घेऊन वरते या. हात आहेत ना? सावड करू. तुम्ही कापा, पवळ्या आमच्या कोठ्यात खाईन."

घनश्यामने व्यापाऱ्याकडे पाहिलं, पवळ्याकडे पाहिलं. पवळ्या मान वर न करता खात होता. मग घनश्याम पुढे झाला आणि टेम्पोवाल्याच्या हातातला दोर त्याने काढून घेतला.

सकाळी तो विळा घेऊन आला. रीताही आली, डोळे जमिनीवर. चंद्रकलाने तिला जुनं धडपं दिलं. "पायाले गुंडाळ. कुसळ लय टोचते, मावशी आहे ती आपली, रागाची." रीता हसली आणि हसता हसता पुन्हा रडली. त्या दिवशी चौघांनी मोहाखाली बसून एकाच पितळी गंजातली आंबील प्यायली. वाटणीनंतर पहिल्यांदाच.

बातमी गावभर झाली. उन्हाळा वाढला तशी माणसं येऊ लागली. आधी मालनबाई आली, गाईसाठी एक पेंढी मागायला. मग इतर आले. चंद्रकला कुणाला नाही म्हणाली नाही, पण मुळासकट उपटायचं नाही, आणि प्रत्येक झुबक्यातल्या काही काड्या बियाला उभ्या ठेवायच्या, एवढं तिने सगळ्यांना बजावलं. एक दिवस गुरं चारणाऱ्या गायकीने गावचा अख्खा कळपच तिच्या तुकड्यात सोडला. चंद्रकला काठी घेऊन आडवी उभी राहिली. बाजूला घनश्याम आला, त्याच्या हातात तिच्यापेक्षा मोठी काठी.

"बाई, ढोरं उपाशी आहेत," गायकी म्हणाला.

"म्हनूनच सांगतो. आज तुडवलं त परवा काय खातीन? कापून नेऊन घाल. दोन भारे मी बांधून देतो."

गायकीने कळप वळवला. त्या उन्हाळ्यात गावातली बरीच ढोरं विकली गेली, पण चंद्रकलाच्या बरडीवरून ज्यांच्या दारात भारे गेले, त्यांचे खुंटे रिकामे पडले नाहीत.

मृग कोरडा गेला. लोक आभाळाकडे पाहून थकले आणि मग एका दुपारी ते एकदमच फाटलं. समोरचा माणूस दिसेना असा पाऊस. पत्र्यावर गोटे पडल्यासारखा आवाज. दोन्ही भाऊ घोंगड्या घेऊन बांध्यांकडे धावले, मागून चंद्रकला.

घनश्यामच्या तुकड्यावर धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. वाळलेले ठोंब पाण्याबरोबर निघाले आणि त्यांच्यामागे सगळी उतरणच निघाली. लाल पाण्याचा लोंढा त्याच्या बांधीत कोसळत होता, गोटे गडगडत येत होते. चंद्रकलाच्या तुकड्यातूनही पाणी उतरत होतं, पण ते गवताच्या बुडाबुडातून वाट काढत, दगडांच्या ओळींवर थबकत, हळू येत होतं. तिने ओंजळीत घेऊन पाहिलं. तळहाताच्या रेषा दिसत होत्या. एकाच टेकडीचं पाणी, एकाच आभाळातून पडलेलं. बांधाच्या या अंगाला नितळ आणि त्या अंगाला रक्तासारखं लाल.

घनश्याम बांधावर भिजत उभा होता. धनीराम त्याच्याजवळ गेला आणि त्याने आपली घोंगडी भावाच्या डोक्यावर ओढली.

"गोटे उचलू, घनश्या. चौघं आहोत."

त्यांनी उचलले. दोन्ही बांध्यांची चिखलणी लाख्या-पवळ्याच्या जोडीने झाली. गावात जोड्या मोजक्याच उरल्या होत्या. आपली रोवणी आटोपल्यावर ही जोडी मालनबाईच्या बांधीत गेली, आणखी दोघा-तिघांच्या बांध्यांत गेली. पऱ्हे वाळायच्या आत रोवले गेले.

श्रावणात पाऊस टिकून राहिला. चंद्रकला बरडीवर चढली आणि जागीच थांबली. मेला म्हणून सोडलेला पवन्या बुडातून फुटून गुडघ्याएवढा झाला होता. मारवेल पसरली होती. कुसळ मात्र यंदा मागे पडली होती, उंच गवताच्या पायाशी दबून बसली होती. चंद्रकलाने तिला हात लावून पाहिलं. मागे धनीराम होता.

"हिचं काय? उपटू काय?"

"बिलकुल नाही! पान्याच्या साली हे वाढते, कोरड्या साली ते. पाळीपाळीनं घर चालवतात. एकाले काढलं त त्याच्या पाळीले कोन उभं राहीन?"

पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर तोरण बांधलं. मागच्या वर्षी तिथे बैलांची दाटी झाली होती. यंदा मोकळी जागा जास्त दिसत होती. आलेले बैल हडकुळे, झुलीखालूनही हाडं कळत होती. त्यांत लाख्या आणि पवळ्या आले. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, अंग असं की हात ठेवला तर घसरावा. लोक बाजूला झाले. तोरणाखालून पहिली जाणारी मानाची जोडी दरवर्षी पाटलाची. पाटील पुढे आले, त्यांनी जोडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपली जोडी मागे घेतली.

"आज मान या जोडीचा," ते म्हणाले. "गावाची रोवनी हिनं वाचवली."

वाजंत्री थांबली. आता झडती, पोळ्याचं कवन, म्हणायची वेळ. गर्दीतून घनश्यामने हात वर केला. त्याच्या झडत्यांना गाव घाबरायचं, दरवर्षी तो कुणाची ना कुणाची टोपी उडवायचा. लोकांनी कान टवकारले. घनश्यामने घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"एका गवताच्या भरवशावर मी मिशीले पीळ देल्ला,
पानी गेलं, गवत गेलं, पीळ बी सुटून गेला!
वयनीच्या बरडीवर नांदते नाना जातीचं रान,
पवळ्या माहा उभा आहे, तिनंच राखला मान!
बोला, हर हर महादेव!"

गाव गर्जलं. टोप्या उडाल्या. म्हातारे काठ्या आपटून हसले. धनीराम हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. चंद्रकला दूर, बायकांच्या घोळक्यात, तोंडाला पदर लावून उभी होती. रीताने मागून तिच्या पाठीत दोन्ही हात लावून तिला पुढे ढकललं.

"जा ना ताई! कासरा धरा!"

"बाई मानूस तोरनाखालून जाते काय वो?"

"आज जाते," पाटील म्हणाले.

गर्दी दुभंगली. धनीरामने लाख्याचा कासरा तिच्या हातात दिला, पवळ्याचा घनश्यामने धरला. चंद्रकलाने पदर कमरेला खोचला. तिच्या हातांवरचे कापांचे वण अजून बुजले नव्हते. कासरा त्यांच्यावर घट्ट बसला. तिने जीभ टाळ्याला लावून बैलांना इशारा केला आणि दणदणत्या वाजंत्रीत, आंब्याच्या पानांचं तोरण डोक्यावरून घासत, ती सगळ्या गावाच्या पुढे निघाली.